एका भांडखोर भाषेचं वकीलपत्र

तर्कशुद्ध भाषा घडवायला निघालेली मंडळी शेवटी कोर्टाची पायरी चढली, हा किस्सा सांगणाऱ्याला हमखास टाळी मिळवून देतो. अर्थाचा घोळच होऊ नये म्हणून भाषा काढली आणि तिच्या नावावरूनच खटला उभा राहिला! कृत्रिम भाषांचा विषय निघाला की लॉगलॅन आणि लोजबान यांचा उल्लेख बहुतेक वेळा या एका वाक्यापुरता होतो. पुढचा निष्कर्ष तयारच असतो. माणूस तर्काने चालत नाही, भाषा तर नाहीच नाही, आणि ज्यांना हे उमगलं नाही त्यांची अशीच फजिती व्हायची.

हा निष्कर्ष मला आळशी वाटतो. या भाषांच्या साठ-सत्तर वर्षांत भांडणं झाली, खूप झाली, त्यातली काही अगदी खालच्या पातळीवरची होती, हे सगळं मान्य. पण ही सारी भांडणं एका गाठोड्यात बांधून 'तर्काचा पराभव' अशी चिठ्ठी वर डकवली की त्यातलं एकमेव मोलाचं भांडणही फेकलं जातं.

आधी खटल्याचं बघू, कारण हसणाऱ्यांचा सगळा भर त्याच्यावर. जेम्स कुक ब्राउन हा अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथे त्याने १९५५ साली एक भाषा रचायला घेतली. भाषा विचाराला वळण लावते का, हा सपीर आणि वोर्फ यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न त्याला प्रयोग करून तपासायचा होता. तर्कशास्त्राच्या साच्यात मुद्दाम घडवलेली भाषा माणसांना शिकवायची आणि त्यांच्या विचारांत फरक पडतो का ते पाहायचं, अशी ही योजना. जून १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'ने त्याचा लेख छापला आणि लॉगलॅन हे नाव जगभरच्या जिज्ञासूंपर्यंत गेलं. १९६६ सालच्या रॉबर्ट हाइनलाइनच्या 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' या कादंबरीतही ते येतं. लोक आपण होऊन मदतीला आले. कुणी व्याकरण तपासलं, कुणी शब्द सुचवले, कुणी संगणकावर चढवायचं काम अंगावर घेतलं. पैसा कुणाला मिळत नव्हता. भाषा मात्र ब्राउनची राहिली. बदल त्याच्या संमतीने, प्रसिद्धी त्याच्या संस्थेमार्फत, आणि शब्दांच्या यादीवर हक्क त्याचा.

याच गृहस्थाने 'करिअर्स' नावाचा पटावरचा खेळ शोधून काढला होता, आणि तो चांगला गाजला. त्या खेळाची गंमत अशी की जिंकणं म्हणजे काय हे प्रत्येक खेळाडू स्वतः ठरवतो. पैसा, कीर्ती आणि आनंद मिळून ६० गुण करायचे. कशाचे किती, ते आधी गुपचूप कागदावर लिहून ठेवायचं. पटावर एवढी मोकळीक देणाऱ्या माणसाला भाषेत ती देववली नाही. कुणाचं ध्येय प्रयोग होतं, कुणाचं संगणकाशी बोलणं, कुणाला नुसतीच ती भाषा बोलायची होती. ब्राउनच्या वहीत एकच सूत्र लिहिलेलं होतं आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

ठिणगी पडली ती शब्द पाठ करून घेणाऱ्या एका संगणक-प्रोग्रॅमवरून. बॉब लशेव्हालिये या कार्यकर्त्याने तो केला आणि लोकांना वाटायला काढला. ब्राउनने हक्काचा मुद्दा काढला. तेव्हा वॉशिंग्टनच्या परिसरात जमलेल्या मंडळींनी १९८७ मध्ये जे केलं ते मला आजही थक्क करतं. मालकाच्या यादीतला एकही शब्द नको म्हणून त्यांनी मुळाक्षरांपासून सगळे शब्द पुन्हा घडवले. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले शब्द घ्यायचे, बोलणाऱ्यांच्या संख्येनुसार त्यांना वजन द्यायचं, आणि ठरलेल्या रीतीने सगळ्यांत जास्त जुळणारा पाच रोमन अक्षरांचा शब्द काढायचा. असे साडेतेराशेच्या आसपास मूळ शब्द झाले. आई म्हणजे 'मामता', कुत्रा म्हणजे 'गेर्कु'. या भाषेचं नाव लोजबान. आपण केली ती लॉगलॅनच, फक्त मालकाविना, असा या गटाचा दावा होता. आणि ब्राउनच्या संस्थेने 'लॉगलॅन' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवलं होतं. गटाने ती नोंद रद्द करायची मागणी केली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली. लॉगलॅन हे एका भाषेचं सामान्य नाव आहे, संस्थेनेच ते इतकी वर्षं तसं वापरलं आहे, तेव्हा ते कुणाचा व्यापारी छाप होऊ शकत नाही. उद्या कुणी 'मराठी' हा शब्द आपल्या दुकानाच्या नावावर करून घ्यायला गेला तर जे उत्तर मिळेल, तेच.

आता या सगळ्यात तर्कशास्त्राचा संबंध कुठे आला? ही भाऊबंदकी आहे. इथे बांध कुणाचा हा प्रश्न होता, आणि तो शेताच्या मातीतल्या गुणांवरून सुटत नसतो. कुठल्याही कृत्रिम भाषेत तो उपटतो. योहान श्लायर या जर्मन धर्मगुरूने १८७९-८० च्या सुमारास वोलापूक काढली. दहा वर्षांत ती युरोपभर पसरली. मग बदलांवर अखेरचा नकाराधिकार आपलाच, असा हट्ट श्लायरने धरला आणि त्या चळवळीचा डोलारा तितक्याच वेगाने कोसळला. वोलापूकला तर्काचा मुळीच सोस नव्हता. उलट झामेनहोफने १८८७ च्या पहिल्या पुस्तकातच एस्पेरांतोवरचा हक्क सोडून दिला. पुढे १९०७-०८ मध्ये तिच्यात सुधारणा मागणारे इडोवाले फुटून निघाले तरी एस्पेरांतो टिकली. ब्राउनचं चुकलं, आणि ते श्लायरसारखं चुकलं. त्या चुकीची पावती तर्काच्या नावावर फाडायचं कारण नाही.

दुसरं भांडण वेगळ्या जातीचं आहे, आणि मला वकीलपत्र घ्यायचं आहे ते त्याचं. ते अर्थाचं भांडण.

इथे दोन्ही बाजूंना झापायला हवं, कारण या भाषेच्या भक्तांनीही गैरसमज पसरवायला हातभार लावला आहे. 'संदिग्धता नसलेली भाषा' असं ते म्हणत राहिले, आणि टीकाकारांनी तो शब्द धरून ठेवला. प्रत्यक्षात लोजबानची हमी फक्त रचनेपुरती आहे. 'लहान मुलींची शाळा' हे मराठी शब्द घ्या. लहान काय, मुली की शाळा? वाचणारा संदर्भाने ठरवतो, वाक्य ठरवत नाही. लोजबानमध्ये कोणता शब्द कोणाशी बांधला आहे ते वाक्यातच स्पष्ट असतं, इतकं की व्याकरण संगणकाला देऊन प्रत्येक वाक्याचं एकच पृथक्करण निघतं हे तपासता येतं. पण 'गेर्कु झ्दानी', म्हणजे 'कुत्रा-घर', हा जोड समोर आला तर ते कुत्र्याचं घर, कुत्र्यासारखं घर की कुत्र्यांनी भरलेलं घर, हे ती भाषा सांगत नाही, आणि तसं सांगण्याचा आव तिच्या व्याकरणग्रंथानेही आणलेला नाही. १९९७ साली निघालेल्या जॉन कोवनच्या 'द कम्प्लीट लोजबान लँग्वेज' या ग्रंथात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे शब्दांचे अर्थ काय, यावर वाद होणार हे घरातल्यांना ठाऊक होतं. न दिलेलं वचन मोडल्याचा आरोप ठेवून टीकाकार खुशाल हसत बसले आहेत.

वाद कसला झाला, ते जरा जवळून बघा. 'मी नित्शु लो मिकशे.' मला डॉक्टर हवा. (यातला 'मी' मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, निव्वळ योगायोग.) 'लो' या छोट्या शब्दाचा जुना नियम तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून आला होता: 'लो मिकशे' म्हणजे जे खरोखर डॉक्टर आहेत त्यांपैकी निदान एक. नियम काटेकोर, दिसायला निर्दोष. तो या वाक्याला लावा. अर्थ होतो: जगात निदान एक डॉक्टर असा आहे की जो मला हवा आहे. पण ताप चढलेल्या माणसाला असा कुणी ठरावीक डॉक्टर नको असतो. कुठलाही चालेल, फक्त डॉक्टर हवा. पेटी हवी, नोकरी हवी, घर शोधतोय, या सगळ्या साध्या वाक्यांना तोच नियम लावला की बोलणाऱ्याच्या तोंडी भलतंच वाक्य येतं. मराठीत आपण 'डॉक्टर हवा' म्हणतो आणि पुढे जातो. कुठला, असं विचारलं तर 'कुठलाही' म्हणतो. आपल्याला हे कधी ठरवावं लागलेलं नाही, कारण ऐकणारा आपल्यासाठी ते ठरवून टाकतो.

लोजबानवाल्यांनी यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट केला. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. पण चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने नेमका हाच पेच मांडला होता: मी तुला एक घोडा देणं लागतो, असं वचन दिलं, तर मी कुठला घोडा देणं लागतो? तबेल्यातल्या एकेका घोड्याकडे बोट दाखवलं तर प्रत्येकाबद्दल 'हा नव्हे' असंच उत्तर येतं, आणि तरी घोडा देणं लागतोच. १९५६ मध्ये तत्त्वज्ञ क्वाइनने शिडाच्या होडीचं उदाहरण घेऊन तोच प्रश्न पुन्हा उभा केला. होडी हवी म्हणजे एखादी विशिष्ट होडी हवी, की नुसतं होडीविना राहणं संपवायचं आहे? तत्त्वज्ञांनी यावर पानंच्या पानं लिहिली. लोजबानवाल्यांची अडचण त्यांच्याहून कठीण होती, कारण त्यांना यावर निबंध लिहून सुटका नव्हती. त्यांना उद्या सकाळी ते वाक्य बोलायचं होतं.

शेवटी नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तोडगा निघाला. 'लो'वरचं ते 'निदान एक'चं ओझं काढून टाकलं आणि संख्या सांगायची असेल तर वेगळी सांगा, असं ठरलं. हा बदल सुचवणारा अर्जेंटिनातला जाणकार 'ॲलिस'सारखी अख्खी पुस्तकं लोजबानमध्ये उतरवणारा होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कागदावरचा नियम गोष्ट सांगताना पायात येतो हे गोष्ट सांगणाऱ्यालाच कळणार. जुन्या मंडळींनी आरडाओरड केली, आणि त्यांचंही काही अगदीच चुकत नव्हतं. त्यांनी नियम पाठ केले होते, १९९७ च्या ग्रंथाबरोबर पाच वर्षं काही बदलणार नाही असा शब्द मिळाला होता, आणि त्याआधी ब्राउनने केलेल्या फेरफारांत शिकलेले शब्द पुन्हा शिकायचा जाच काहींनी सोसला होता. दर काही वर्षांनी पाया उकरणाऱ्या घरात भाडेकरू टिकत नाही. मी त्या काळात असतो तर बदलाच्याच बाजूने हात वर केला असता, पण विरोध करणाऱ्यांना हट्टी म्हटलं नसतं.

सगळीच भांडणं एवढ्या उंचीची नव्हती. 'बोटपी' या शब्दाची व्याख्या बघा: बाटली, कशाची, कोणत्या पदार्थाची, आणि तिला कोणतं झाकण. झाकणाची जागा व्याख्येतच असल्यामुळे झाकण हरवलेली बाटली ही बाटली उरते का, यावर गंभीर चेहऱ्याने चर्चा झडल्या. रिकामी बाटली कशाची, हा पुढचा उपप्रश्न. यावर हसायला माझीही हरकत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की 'क्लामा' म्हणजे 'जाणे' या क्रियापदाला त्यांनी पाच जागा दिल्या, जाणारा, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने आणि कशाने. आणि आपल्या पूर्वजांनी क्रियेभोवती कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण अशी सहा कारकं मांडली तेव्हा त्यांच्यातही झाकणाएवढ्या बारकाव्यांवर वाद झालेच.

त्यावरूनच आठवलं. लोजबानला हसणाऱ्यांत आपल्याकडे एक खास पंथ आहे. त्याचं म्हणणं असं की हा सगळा उपद्व्याप व्यर्थ. संदेहरहित, तर्कशुद्ध, संगणकाला सोयीची भाषा आमच्याकडे कधीचीच आहे, ती म्हणजे संस्कृत, आणि हे नासाने मान्य केलं आहे. या दाव्याचं मूळ १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये आलेल्या रिक ब्रिग्ज यांच्या लेखात आहे. शास्त्रग्रंथांतले टीकाकार वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीने उलगडून मांडतात ती संगणकात ज्ञान मांडण्याच्या पद्धतींशी मिळतीजुळती आहे, असं त्यांनी दाखवलं. ते निरीक्षण खरोखर चांगलं होतं. पण ते शास्त्रकारांच्या विवेचनपद्धतीबद्दल होतं. त्यातून संस्कृत ही बोलायची भाषा म्हणून निःसंदिग्ध ठरत नाही. श्लेष हा ज्या भाषेच्या काव्याचा अलंकार, जिथे एकेका श्लोकाचे दोन-दोन अर्थ लावण्यात कवींनी आयुष्य घातलं, तिला संदेहरहित म्हणणं हा तिचा गौरव नव्हे. 'इन्द्रशत्रु' या शब्दाची कथा पतंजलीच्या महाभाष्यात सूचित आहे. तत्पुरुष मानला तर इंद्राला मारणारा, बहुव्रीहि मानला तर इंद्र ज्याला मारणार तो. स्वर चुकला, समास बदलला आणि यज्ञ करणाऱ्याच्याच पक्षावर उलटला. लोजबानच्या 'कुत्रा-घरा'चीच ही थोरली बहीण.

आणि परंपरेचाच दाखला द्यायचा तर भांडणांचाही द्यावा. पाणिनीची सूत्रं सुमारे ४,०००. कात्यायनाने त्यांतल्या कित्येकांवर वार्तिकं लिहून इथे नियम अपुरा पडतो, तिथे नको तेवढा पसरतो, असं बजावलं. पतंजलीने कुठे कात्यायनाचं मान्य केलं, कुठे पाणिनीची बाजू लढवली, तर कुठे सूत्रच अनावश्यक म्हणून मोकळा झाला. पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणलं आहे. चार पानं चाळली तरी पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची हमरीतुमरी ऐकू येते. एकेका मात्रेसाठी झगडलेल्या या तिघांना आपण त्रिमुनी म्हणून हात जोडतो. तेच काम फ्लोरिडा आणि व्हर्जिनियातल्या प्रोग्रॅमर, शिक्षक आणि हौशी मंडळींनी केलं की ते मात्र तर्काचं दिवाळं? निवाडा करायचा तर एकाच मापाने करा.

उरला शेवटचा आक्षेप: एवढं करून ती भाषा बोललं कोण? याला माझ्याकडे झटकून टाकणारं उत्तर नाही. अस्खलित बोलणारे नेहमीच मूठभर राहिले. ब्राउन २००० साली वारला तोपर्यंत, आणि नंतरही, सपीर-वोर्फची ती चाचणी झालीच नाही. ती व्हायची तर बरीच माणसं एकाच न बदलणाऱ्या भाषेत मुरायला हवी होती, आणि मालकीच्या भांडणाने नेमक्या त्याच काळात मंडळी दोन घरांत वाटली गेली. हा तोटा खरा आहे आणि त्याचा हिशेब ब्राउनच्या खात्यावर मांडावा लागेल. त्या चाचणीत काय पाहता आलं असतं, त्याचं एक उदाहरण देतो. ऐकीव माहितीला 'म्हणे' लावायची मराठीतली सोय लोजबानमध्ये नियमाने आहे: पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाजाने ठरवलेलं, प्रत्येकासाठी वेगळा छोटा शब्द. रोज असे शब्द वापरणारा माणूस अफवा पसरवण्याआधी थबकतो का, हे मला जाणून घ्यायला आवडलं असतं. ते कुणी तपासलं नाही.

पण न बोलली गेलेली भाषा निष्फळ, हे मी मानणार नाही. ब्राउनच्या संस्थेची जुनी लॉगलॅन आजही संपलेली नाही. आयडाहोतल्या बॉइझीचे गणिती तर्कशास्त्रज्ञ रँडल होम्स तिच्या व्याकरणावर काम करत आले आहेत. लोजबानमधूनच बाहेर पडलेल्या एकाने तोआक ही चिनीसारखे सूर वापरणारी नवी तर्कभाषा काढली. फाटाफूट पुन्हा झाली, असं म्हणून इथेही हसता येईल. मात्र या वेळी नवी भाषा काढताना कुणाला वकील गाठावा लागला नाही, शब्द चोरल्याचा आळ आला नाही. भांडणं उरली ती 'मला डॉक्टर हवा' या वाक्याच्या जातीची, आणि ती मिटावीत असं मला अजिबात वाटत नाही.